वेगाने चालण्याचे तंत्र आणि धावण्याची तयारी: ठाण्यातील चालणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात सकाळी कचराळी तलावाभोवती, तलावपाळीवर किंवा उपवनला चालायला येणारी माणसे पुष्कळ आहेत. बहुतेक जण नेमाने येतात, अर्धा-पाऊण तास चालतात आणि वर्षभराने विचारतात की, एवढे चालूनही जिना चढताना धाप का लागते. आमच्या सकाळच्या गटात नव्याने येणाऱ्यांची चाल पाहण्याचे आणि सुधारण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. चालणे सर्वांना येते, पण वेगाने चालणे शिकावे लागते, हे बरेच दिवस चालूनही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

वेगाने चालणे म्हणजे नेमके किती वेगाने?

सर्वांत सोपी खूण बोलण्याची आहे. चालताना शेजारच्याशी दोन-चार वाक्ये बोलता येत असतील, पण गाणे म्हणता येत नसेल, तर तो मध्यम श्रमाचा व्यायाम समजावा. एक वाक्य पूर्ण करण्याआधीच श्वास घ्यावा लागत असेल, तर श्रम तीव्र झाले आहेत. आणि घरगुती विषयावर तलावाची अख्खी फेरी गप्पा रंगत असतील, तर तो फेरफटका आहे. तो आनंदाचा असतो, पण त्याने दम वाढत नाही.

दुसरी खूण पावलांची आहे. प्रौढ माणसाने मिनिटाला सुमारे 100 पावले टाकली की मध्यम श्रम सुरू होतात आणि 130 च्या आसपास ते तीव्र होतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. ही पावले मोजायला घड्याळाखेरीज काहीच लागत नाही. पंधरा सेकंदांत पडलेली पावले मोजून त्यांना चारने गुणावे: पंचवीस आली तर 100, तीस आली तर 120. एका पावलाचे अंतर 70 सेंटीमीटर धरले, तर 100 पावलांचा वेग ताशी 4.2 किलोमीटर होतो, 120 चा सुमारे 5 आणि 130 चा साधारण साडेपाच. उंच माणसाचे पाऊल लांब असल्याने तेवढ्याच पावलांत तो पुढे जाईल. म्हणून दुसऱ्याच्या वेगाशी स्वतःचा वेग ताडून पाहू नये. स्वतःचा श्वास आणि स्वतःची पावले यांवर लक्ष ठेवावे.

नाडी मोजणाऱ्यांसाठी 220 वजा वय हा ढोबळ हिशेब वापरला जातो. पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी ती संख्या 175 येते आणि मध्यम श्रमात नाडी तिच्या 50 ते 70 टक्के, म्हणजे साधारण 88 ते 122 असावी. मात्र व्यक्तीव्यक्तीत फरक बराच असतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनी बोलण्याची खूणच वापरावी.

वेग वाढवायचा म्हणजे लांब ढांगा टाकायच्या ना?

नाही. सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देते.

घाई झाली की माणूस पुढचा पाय शक्य तितका लांब टाकतो. तसे केल्याने टाच शरीराच्या बरीच पुढे, गुडघा जवळजवळ ताठ असताना जमिनीवर आपटते, आणि जमीन त्या पायाला मागे रेटते. म्हणजे प्रत्येक पावलाला आपण स्वतःच थोडा ब्रेक लावतो आणि मग तो वेग पुन्हा मिळवण्यासाठी जास्त जोर काढतो. या धक्क्याचा भार टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांवर पडतो. वेग हवा असेल तर पावले लहान आणि जलद पडली पाहिजेत, आणि ढांग लांबायची असेल तर ती शरीराच्या मागच्या बाजूला लांबली पाहिजे. पुढचा पाय शरीराच्या किंचित पुढे, हलकेच टेकतो; मागचा पाय मात्र जमीन सोडण्याची घाई करत नाही. टाच उचलली जाते, भार चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलली जाते. पोटरी आणि नितंबाचे स्नायू तेव्हा कामाला लागतात. इतर वेळी हे मोठे स्नायू आपण फारसे वापरतच नाही.

हे नजरेपेक्षा कानाला लवकर कळते. पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, तलावाच्या कट्ट्यावर डोळे मिटून बसले तर मागून येणाऱ्याची चाल ऐकू येते. लांब ढांगा टाकणाऱ्याची टाच ‘धप्, धप्’ वाजते आणि त्यामागून चवडा ‘फट्’ करून आपटतो. नीट चालणाऱ्याचे पाऊल मऊ आणि एकसारखे वाजते, कारण टाचेपासून चवड्यापर्यंत तळपाय जमिनीवर लोळत जातो. नव्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात एवढेच सांगते की, पाऊल वाजू देऊ नका. इतर काही न सांगताही निम्मी ढब तेवढ्यानेच सुधारते.

सरावासाठी एक प्रयोग करावा. नेहमीच्या चालीने एक मिनिट चालून पावले मोजावीत. पुढच्या मिनिटाला तेवढ्याच अंतराच्या पावलांनी पाच-सहा पावले जास्त टाकावीत, वेगाचा विचार करू नये. दोन आठवड्यांत ही गती अंगवळणी पडली की पुन्हा पाच-सहा वाढवावीत. एकदम 95 वरून 125 वर उडी मारणाऱ्याची पावले चौथ्या मिनिटाला पुन्हा लांबू लागतात.

हात कसे असावेत?

कोपरात साधारण काटकोनात वाकवलेले. लोंबता लंबक लांब असेल तर हळू हलतो, आखूड असेल तर झपाट्याने. हाताचेही तसेच आहे. सरळ सोडलेला हात मिनिटाला 120 वेळा सहज हलत नाही आणि पाय हाताच्या तालावर चालत असल्याने पायही मंदावतात. कोपर वाकवले की हाताचा ताल वाढतो आणि त्यामागोमाग पावलांचाही.

झोका खांद्यातून यावा. कोपर मागे जोरात न्यावे, पुढे ते आपोआप येते. पुढे येणारी मूठ छातीच्या मध्यरेषेपलीकडे जाऊ नये आणि खांद्याच्या वर चढू नये. मूठ सैल असावी, जणू हातात पक्ष्याचे अंडे आहे. हातात मोबाइल धरून चालणाऱ्याचा तो हात हलत नाही, त्यामुळे धड एका बाजूला वळते आणि थोड्या वेळाने मान धरते. फोन कमरेच्या पट्ट्यात किंवा खिशात ठेवावा. परतताना दूध किंवा भाजी घ्यायची असेल, तर ती खरेदी शेवटच्या, सावकाश चालायच्या दहा मिनिटांत करावी.

हातात डंबेल किंवा घोट्याला वजनाचे पट्टे बांधून चालू नये. त्याने झोक्याची ढब बिघडते आणि खांदा व गुडघा यांवर नको तो ताण येतो. स्नायूंच्या बळासाठीचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस वेगळा करावा.

मान, पाठ आणि कंबर यांचे काय?

नजर साधारण पंधरा-वीस पावले पुढे. पायांकडे पाहिले की डोके पुढे झुकते, पाठ वाकते आणि श्वास उथळ होतो. अंग पुढे कलायचेच असेल तर ते घोट्यातून, अगदी किंचित. कमरेत वाकून नाही. खांदे कानांकडे चढत असतील तर एकदा खोल श्वास सोडून ते खाली आणावेत. पोट किंचित आत असावे, पण श्वास अडेल इतके आवळू नये.

वेगाने चालू लागल्यापासून नडगी दुखते. थांबावे का?

नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू चवडा वर उचलून धरतो आणि टाच टेकल्यावर तो हळूहळू खाली सोडतो. पावलांची संख्या वाढली की या स्नायूचे काम अचानक वाढते आणि लांब ढांगेने ते आणखी वाढते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तेथे जळजळ किंवा ताठरपणा जाणवणे साहजिक आहे. वेग थोडा कमी करावा, ढांग आखूड करावी. घरी खुर्चीवर बसून टाच टेकवलेली ठेवत चवडा वर-खाली करण्याचा व्यायाम पंधरा-वीस वेळा करावा आणि भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात.

मात्र नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येत असेल, विश्रांतीतही दुखत असेल किंवा रोज दुखणे लवकर सुरू होत असेल, तर ते अंगावर काढू नये. ती हाडाला सूक्ष्म तडा जाण्याची सुरुवात असू शकते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

रात्री शतपावली करतो. ती पुरत नाही का?

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते, त्यामुळे ती सोडू नये. परंतु हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता वाढवण्याचे काम तिने होत नाही. आणि भरल्या पोटी वेगाने चालूही नये.

रोज दहा हजार पावले व्हायलाच हवीत का?

हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. लक्षात ठेवायला सोपा म्हणून तो आकडा जगभर रूढ झाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वयस्कर स्त्रियांच्या बाबतीत दिवसाला सुमारे 4,400 पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला आणि 7,500 च्या आसपास तो फायदा स्थिरावला. सात हजार पावलांवर दिवस संपला म्हणून रात्री अकराला दिवाणखान्यात येरझारा घालण्याची गरज नाही. त्या सातपैकी तीन हजार सलग आणि वेगाने पडली का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आठवड्याचा कार्यक्रम कसा आखावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा 75 ते 150 मिनिटे तीव्र श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पाच दिवस तीस मिनिटे वेगाने चालले की 150 मिनिटे होतात. पहिली पाच-सात मिनिटे सावकाश चालून अंग मोकळे करायचे आणि शेवटची पाच मिनिटे वेग उतरवायचा, ही वेळ त्या तीस मिनिटांत धरू नये.

नवख्याने पहिला आठवडा फक्त दहा मिनिटे वेगाने चालावे आणि दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवावीत. ज्यांची चाल बसली आहे, पण प्रगती थांबली आहे, त्यांना मी जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेली पद्धत सुचवते: तीन मिनिटे झपझप, बोलणे अवघड व्हावे अशा वेगाने, आणि मग तीन मिनिटे सावकाश, अशा पाच जोड्या, आठवड्यातून चार दिवस. त्यांच्या 2007 मधील अभ्यासात मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांनी पाच महिने असे चालल्यावर मांडीचे बळ आणि दम वाढला आणि वरचा रक्तदाब कमी झाला. एकाच मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा त्यांच्यातील सुधारणा अधिक होती. आमच्या गटातील साठीच्या पुढच्या मंडळींना ही पद्धत विशेष मानवली, कारण तीन मिनिटांनी विसावा मिळणार हे ठाऊक असले की माणूस मनापासून जोर लावतो.

मी धावतो. मला चालण्याचा काय उपयोग?

धावणाऱ्यांना चालणे म्हणजे हार वाटते आणि या समजाने त्यांचे फार नुकसान होते. माझेही झाले. ठाणे महापौर वर्षा मॅरेथॉनची तयारी करताना एका वर्षी मी चालणे पूर्ण बंद करून रोज धावू लागले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नडगी धरली, तीन आठवडे घरी बसावे लागले आणि ती शर्यत मी तलावपाळीच्या कडेला उभी राहून पाहिली. पुढच्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस धावणे आणि दोन दिवस वेगाने चालणे असे ठेवले आणि तो हंगाम न दुखता पार पडला.

यामागचे कारण साधे आहे. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पायावर शरीराच्या वजनाच्या सव्वा-दीड पटीच्या आसपास जोर येतो. धावताना दोन्ही पाय काही क्षण हवेत असतात आणि उतरताना तो जोर अडीच-तीन पटींपर्यंत जातो. दम आठवड्यांत वाढतो, पण हाडे, स्नायुबंध आणि कंडरा यांना बळकट व्हायला महिने लागतात. धावण्याच्या दोन दिवसांच्या मध्ये वेगाने चालल्यास हृदय कामात राहते आणि हाडांना सावरायला वेळ मिळतो. मागच्या पायाने ढकलण्याची सवयही चालतानाच लागते, कारण धावताना इतक्या बारीक गोष्टीकडे लक्ष जात नाही.

आणखी एक गोष्ट. ताशी सात किलोमीटरच्या जवळपास पोहोचले की बहुतेक माणसे आपोआप धावू लागतात. त्यापुढे धावण्यापेक्षा चालण्यातच शरीराची ऊर्जा अधिक खर्च होते. ताशी साडेसहाच्या वेगाने वीस मिनिटे नीट ढबीत चालून पाहावे. सावकाश धावणाऱ्या कित्येकांना ते धावण्याइतकेच कष्टाचे वाटते.

चालण्यावरून धावण्याकडे कसे जावे?

तीस मिनिटे वेगाने, न दुखता, सलग चालता येऊ लागल्यावरच. सुरुवातीला एक मिनिट हलके धावणे आणि चार मिनिटे वेगाने चालणे, अशा सहा फेऱ्या एक दिवसाआड कराव्यात. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावणे आणि तीन मिनिटे चालणे, आणि पुढे त्याच बेताने. मधले चालणे रेंगाळत करू नये. हात वाकलेले आणि पावले जलदच असावीत. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी धावण्यात ठरवून चालण्याचे टप्पे घालण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि तिच्या आधाराने अनेकांनी पूर्ण मॅरेथॉन पार केली. यात महत्त्वाचे हे की, थकल्यावर चालायचे नसते. थकण्याआधी, पहिल्या टप्प्यापासूनच चालायचे असते.

हे म्हणजे स्पर्धेतली चाल का?

नाही. स्पर्धेतील चालण्यात पंचांच्या नजरेला एक पाय सतत जमिनीवर दिसावा लागतो आणि पाय टेकल्यापासून तो शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघा सरळ ठेवावा लागतो. कमरेची ती विशिष्ट हालचाल त्यातूनच येते. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या प्रियांका गोस्वामी यांनी दहा हजार मीटर चालण्यात रौप्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या गटात काहींनी ती चाल करून पाहिली. तंदुरुस्तीसाठी गुडघा तसा ताठ ठेवण्याची गरज नाही, आणि शिकवणाऱ्याशिवाय तो प्रयत्न करूही नये.

ठाणे आणि नवी मुंबईत कोठे चालावे?

वेगाचा सराव सपाट आणि अखंड वाटेवरच होतो. कचराळी तलावाभोवतीची वाट यासाठी चांगली आहे, पण साडेसहानंतर गर्दी वाढते आणि ओलांडून जाणे त्रासाचे होते. तलावपाळीवर गडकरी रंगायतनच्या बाजूला वाहनांमुळे लय तुटते, म्हणून तेथे पहाटेच जावे. उपवनवरून येऊरकडे चढणारा रस्ता नितंब आणि पोटऱ्यांसाठी उत्तम. चढावर पावले आणखी आखूड करावीत आणि उतरताना गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे पुरेसे उजाडण्याआधी व एकट्याने जाऊ नये आणि वनखात्याच्या सूचना पाळाव्यात. नवी मुंबईकरांना नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि खारघरचे सेंट्रल पार्क सोयीचे आहे. पाम बीच मार्गाच्या कडेने चालणे मला मान्य नाही. तेथील वाहनांचा वेग फार आहे. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांनीही मुख्य रस्ता टाळून सोसायटीच्या आवारात किंवा आतल्या गल्ल्यांत चालावे. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे.

पावसाळ्यात काय करावे?

जून ते सप्टेंबर चाल बंद ठेवली तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका हातात छत्री असली की झोका संपतो, म्हणून हलका रेनकोट आणि पुढे कड असलेली टोपी वापरावी. शेवाळलेल्या फरशीवर वेग कमी करावा आणि पावले आणखी लहान टाकावीत. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. खाली खड्डा असू शकतो आणि पायाला जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मुसळधार पावसात इमारतीचा जिना किंवा पार्किंगची तळमजल्यावरची जागा पुरते.

बूट कोणते घ्यावेत?

चवड्याशी सहज वाकणारे, टाचेला घट्ट आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असलेले. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावेत. जुने बूट टाकण्याआधी ते उलटे करून तळवा पाहावा: टाचेची मागची कड एका बाजूने खूप झिजली असेल, तर टाच आपटत असण्याची शक्यता आहे, चवड्याखाली, अंगठ्याच्या बाजूला झीज दिसत असेल, तर मागचा पाय काम करतो आहे.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास?

डॉक्टरांना विचारूनच वेग वाढवावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना फार खाली जाऊ शकते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज असावे आणि घरी आल्यावर तळपाय रोज तपासावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आल्याचे कळत नाही. चालताना छातीत दाब वाटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दरदरून घाम आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबावे, खाली बसावे, सोबतच्याला सांगावे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. ‘ही फेरी पूर्ण करून बघू’ असे म्हणू नये.

लोकलच्या वेळापत्रकात चालायला वेळ मिळत नाही. काय करावे?

सलग तीस मिनिटे मिळत नसतील तर दहा-दहाचे तीन तुकडे करावेत. त्याहून लहान तुकडेही हिशेबात धरले जातात, अशी 2020 च्या मार्गदर्शनात मुभा आहे. स्टेशनपासून घर दोन किलोमीटरवर असेल तर परतताना शेअर रिक्षाची रांग सोडून ते अंतर मिनिटाला 110 ते 120 पावलांनी चालावे. पंचवीस मिनिटांत घर येते. दप्तराची पिशवी एका खांद्यावर न घेता पाठीवर दोन्ही पट्ट्यांनी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कार्यालयातले बूट पिशवीत आणि चालायचे बूट पायात असावेत.